जुनी गाडी दुरुस्त करायची की दुसरी घ्यायची? हिशोब कसा मांडायचा ते समजून घ्या

या साइटवर मी एरवी मोबाइल, ॲप आणि सॉफ्टवेअरबद्दल लिहिते. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण पद्धत तीच आहे: आधी माहिती गोळा करायची, मग आकडे मांडायचे आणि शेवटी निर्णय घ्यायचा.

आमच्या घरी २०११ ची एक छोटी पेट्रोल हॅचबॅक आहे. आहे म्हणजे होती, ते पुढे सांगतेच. बाबांनी ती मार्च २०११ मध्ये रत्नागिरीत घेतली तेव्हा मी आठवीत होते. आता मी पुण्यात नोकरी करते, आई-बाबा रत्नागिरीतच असतात. बाबांच्या हृदयाची तपासणी दर तीन महिन्यांनी कोल्हापूरला असते. साधारण १३० किलोमीटर, आणि मध्ये आंबा घाट.

गेल्या जुलैत परत येताना घाटात क्लच सुटायला लागला. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी चढायची नाही. पाऊस, धुकं, फोनला रेंज नाही. दोघं दोन तास गाडीत बसून होते. शेवटी एका टेम्पोवाल्याने गाडी ओढून साखरप्यापर्यंत आणली. मला हे सगळं रात्री नऊला कळलं.

दुसऱ्या आठवड्यात गॅरेजवाल्या काकांनी इस्टिमेट दिलं: १,१९,५०० रुपये. बाबा म्हणाले, "करून टाकू, इंजिन अजून दणकट आहे." मी म्हणाले, "बाबा, एवढ्या पैशांत दुसऱ्या गाडीचं डाउन पेमेंट होईल." दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं आणि हिशोब कोणाकडेच नव्हता. म्हणून मी एक एक्सेल शीट उघडलं. त्यातून जे शिकले ते या लेखात सांगते.

सगळ्यात मोठी चूक: खर्चाची तुलना गाडीच्या किमतीशी करणं

"गाडी विकून साठ हजार येतील, मग तिच्यावर लाखभर कशाला घालायचे?" हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ऐकायला बरोबर वाटतं, पण तुलनाच चुकीची आहे. साठ हजार ही बाजारातली किंमत झाली. तुम्हाला साठ हजार नकोत, तुम्हाला रोज चालणारी गाडी हवी आहे. ती गाडी साठ हजारांत दुसरीकडे मिळते का? मिळाली तर ती तुमच्या गाडीइतकीच जुनी असेल, आणि तिचा इतिहास तुम्हाला माहीत नसेल.

उलट बाजूचीही एक चूक आहे. "मागच्याच वर्षी चाळीस हजार घातलेत, आता कशी सोडायची?" ते चाळीस हजार गेले. गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत, विकली तरी येणार नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुना कोड सोडताना हीच चूक करतो. दोन वर्षं घातली म्हणून तिसरंही घालतो.

योग्य प्रश्न एकच आहे: आजपासून पुढची तीन वर्षं मला गाडी वापरायची आहे. कोणत्या मार्गाने दरवर्षी किती खर्च येईल, आणि त्या खर्चात मला काय मिळेल?

आधी इस्टिमेटचे तीन भाग करा

गॅरेजचं इस्टिमेट एका कागदावर एका बेरजेत येतं. ती बेरीज बघून घाबरू नका, आधी फोडा. आमचं असं होतं:

*भाग १: गाडी सुरक्षित चालायला लागणारं काम*
- क्लच सेट, मजुरीसह: ८,५००
- पुढचे शॉकअप, लोअर आर्म, बुश: १६,०००
- ब्रेक पॅड, मागचे ब्रेक शू, व्हील सिलिंडर: ७,५००
- रेडिएटर, होस पाइप, थर्मोस्टॅट: ९,०००
- फ्लोअर आणि रनिंग बोर्डचं पत्राकाम: १५,०००
- एकूण: ५६,०००

*भाग २: कोणत्याही गाडीला कधी ना कधी लागणाऱ्या गोष्टी*
- चार टायर: १४,०००
- बॅटरी: ४,५००
- एकूण: १८,५००

*भाग ३: सोय आणि दिसणं*
- एसी कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर: १७,०००
- पूर्ण रंगकाम: २८,०००
- एकूण: ४५,०००

भाग २ मधल्या वस्तू झिजतातच. पाच वर्षं जुनी गाडी घेतली तरी तिलाही टायर-बॅटरी लागणार आहे. त्यामुळे तो खर्च जुन्या गाडीच्या माथी मारू नका. दोन्ही बाजूंनी वगळा. भाग ३ ऐच्छिक आहे. एक लाख एकोणीस हजारांचा राक्षस असा छप्पन्न हजारांवर येतो. तुमच्या कागदावर आकडे वेगळे असतील, पण भाग तीनच पडतील.

आणखी एक गोष्ट करा: तेच इस्टिमेट दुसऱ्या गॅरेजमध्येही दाखवा. पैसे वाचतील म्हणून नव्हे, तर दोन मिस्त्रींना तोच दोष दिसतो का हे बघायला.

गाडी "जुनी होते" म्हणजे नेमकं काय होतं?

इंजिनिअरिंगला आम्हाला एक आलेख शिकवतात, बाथटब कर्व्ह. कोणत्याही यंत्रात सुरुवातीला काही बिघाड येतात (कारखान्यातले दोष), मग बराच काळ बिघाड कमी राहतात आणि शेवटी झिजेमुळे पुन्हा वाढतात. आलेखाचा आकार बाथटबसारखा दिसतो, म्हणून हे नाव.

गाडीत मात्र हजारो भाग असतात आणि प्रत्येकाचा बाथटब वेगळा असतो. क्लच बदलला की क्लचचं घड्याळ शून्यावर येतं. रेडिएटर बदलला की रेडिएटरचं. म्हणजे नटबोल्टने बसणारे भाग बदलत राहिलात तर गाडी तत्त्वतः कितीही वर्षं चालते. पण तीन गोष्टींचं घड्याळ सहज मागे फिरत नाही:

१. गंज. मोनोकॉक गाडीत वेगळी चासी नसते, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. दाराखालचा पत्रा सडला तर तो दिसण्याचा प्रश्न आहे. जिथे सस्पेन्शन बोल्टने बसतं तिथे सडला तर तो जिवाचा प्रश्न आहे. कोकणात, समुद्राजवळ खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे हे लवकर होतं. विदर्भ-मराठवाड्यातली त्याच वयाची गाडी खालून बरीच स्वच्छ असू शकते.

२. वायरिंग आणि रबर. होस, सील, वायरवरचं प्लास्टिक वयाने कडक होतं, गाडी उभी असली तरीही. यातले बिघाड एकेक करून येतात आणि शोधायला वेळ लागतो. शिवाय पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांतले इंधनाचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नव्हते, म्हणून इंधनाचे पाइप आणि गॅस्केट जास्त वेळा तपासा. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. ॲव्हरेज थोडं घटलं तर लगेच इंजिनवर संशय घेऊ नका.

३. सुरक्षेची रचना. याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

निर्णयाआधी या तपासण्या करून घ्या

*घरी, फुकट:*
- सकाळी थंड इंजिन सुरू करून धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय. (थंडीत सुरुवातीला दिसणारी पांढरी वाफ साधी असते.)
- ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा. दुधाळ चहासारखा थर असेल तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. तपासून घ्या.
- मॅट उचलून फ्लोअर हाताने दाबा. मऊ लागला किंवा करकर आवाज आला तर गंज आहे.

*ओबीडी रीडरने:*
स्टिअरिंगखाली १६ पिनचं एक सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ रीडर लावून मोबाइलच्या ॲपवर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड वाचता येतात. साधा रीडर हजार-दीड हजारात मिळतो. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाड्यांत नीट माहिती मिळते. आमच्या २०११ च्या गाडीत सॉकेट होतं, पण माहिती जुजबीच आली.

काही नेहमीचे कोड: पी-०३०० म्हणजे वेगवेगळ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, पी-०१७१ म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी, पी-०४२० म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. लक्षात ठेवा, कोड म्हणजे निदान नाही. तो फक्त लक्षण सांगतो. पी-०१७१ साठी महागडा सेन्सर बदलण्याआधी हवेचा एखादा फाटका पाइप आहे का ते बघा.

*गॅरेजमध्ये, थोड्या पैशांत:*
- कम्प्रेशन टेस्ट. चारही (किंवा तीनही) सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा बराच खाली असेल तर इंजिनकाम जवळ आलं आहे.
- गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघणं. हे टाळू नका. आमचा निर्णय इथेच फिरला.

तीन वर्षं, तीन पर्याय: आमचं शीट

पैसा बँकेत राहिला असता तर व्याज मिळालं असतं, म्हणून सुरुवातीला गुंतणाऱ्या रकमेवर वर्षाला ७ टक्के सरळ व्याज "खर्च" म्हणून धरलं. जुन्या गाडीचे ६०,००० येतील असं गृहीत धरून ते पर्याय ब आणि क मधून वजा केले.

*पर्याय अ: जुनीच दुरुस्त करून ठेवणे*
- दुरुस्ती ५६,००० + पासिंगचं नूतनीकरण वगैरे १०,००० = ६६,०००
- दरवर्षी: देखभाल १५,००० + थर्ड पार्टी विमा २,५०० + अचानक बिघाडासाठी राखीव १२,००० = २९,५००. तीन वर्षांचे ८८,५००
- व्याज: साधारण १४,०००
- तीन वर्षांनी मिळणारी किंमत: २५,००० वजा
- एकूण १,४३,५००, म्हणजे वर्षाला सुमारे ४८,०००

*पर्याय ब: पाच-सहा वर्षं जुनी गाडी घेणे*
- किंमत ४,००,००० + ट्रान्स्फर आणि पहिली सर्व्हिसिंग २५,००० − ६०,००० = ३,६५,०००
- दरवर्षी: देखभाल १०,००० + विमा ९,००० + राखीव ५,००० = २४,०००. तीन वर्षांचे ७२,०००
- व्याज: साधारण ७६,५००
- तीन वर्षांनी मिळणारी किंमत: २,६०,००० वजा
- एकूण सुमारे २,५३,५००, म्हणजे वर्षाला सुमारे ८४,५००

*पर्याय क: कोरी गाडी घेणे*
- ऑन-रोड ६,६०,००० − ६०,००० = ६,००,०००
- तीन वर्षांची सर्व्हिसिंग १८,००० + दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विमा २०,००० = ३८,०००
- व्याज: १,२६,०००
- तीन वर्षांनी मिळणारी किंमत: ४,००,००० वजा
- एकूण ३,६४,०००, म्हणजे वर्षाला सुमारे १,२१,०००

कर्ज काढणार असाल तर ७ टक्क्यांच्या जागी तुमच्या कर्जाचा दर टाका. सेकंडहँड गाडीच्या कर्जाचा दर कोऱ्या गाडीच्या कर्जापेक्षा सहसा जास्त असतो, हे विसरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा (१२०० सीसीपर्यंत आणि चार मीटरपर्यंत लांब) जीएसटी १८ टक्के झाला आहे. कोऱ्या गाड्या स्वस्त झाल्या की सेकंडहँडचे भावही उतरतात, तेव्हा त्याआधीचे जुने भाव धरून सौदा करू नका.

शीट बघून बाबा खूश झाले. "मी म्हणत होतो ना!" नुसत्या पैशांत बघितलं तर दुरुस्तीच स्वस्त होती, आणि थोडीथोडकी नाही, वर्षाला ३६,५०० रुपयांनी.

पण गाडी किती चालते?

वरच्या हिशोबात पेट्रोल नाही. आमची जुनी गाडी लिटरला १४ किलोमीटर देत होती, नवीन छोट्या गाड्या १९ च्या आसपास देतात असं धरू. पेट्रोल १०५ रुपये.

- वर्षाला ५,००० किमी: फरक साधारण ९,९०० रुपये
- वर्षाला १५,००० किमी: फरक साधारण २९,६०० रुपये

म्हणजे गाडी वर्षाला पाच हजार किमी चालत असेल तर अ आणि ब मधली दरी ३६,५०० वरून साधारण २७,००० वर येते. पंधरा हजार चालत असेल तर फक्त सात हजार उरते! रोज ऑफिसला जाणाऱ्याने आणि आठवड्यातून एकदा बाजारात जाणाऱ्याने एकच सल्ला ऐकू नये, तो यासाठी. आई-बाबांची गाडी वर्षाला पाच हजाराच्या आतबाहेर चालते.

१५ वर्षं झाली की कागदांचं काय?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. मुदत संपायच्या आधी आरटीओत गाडी दाखवून फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं, आणि ते एका वेळी पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून कारसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं. उशीर केला तर दर महिन्याला ५०० रुपये दंड. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो, शिवाय वैध पीयूसी आणि विमा लागतो. २० वर्षांपुढच्या गाड्यांचं शुल्क आणखी जास्त आहे. शुल्कं बदलत असतात, म्हणून जाण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर ताजा आकडा बघून घ्या.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही बसवावी लागते. महाराष्ट्रात कारसाठी ती ७४५ रुपये अधिक जीएसटी एवढ्याला आहे.

"१५ वर्षं झाली की गाडी भंगारात काढावीच लागते" हा गैरसमज आहे. वयावरून बंदीचा मुद्दा दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागातला आहे. महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास झाली तर पुढे चालवता येते.

भंगारात काढायचीच असेल तर मात्र नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या. तिथे "सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट" मिळतं, गाडीची नोंदणी रद्द होते आणि पुढे त्या नंबरवर कोणी काही केलं तर तुमच्या गळ्यात येत नाही. कोरी गाडी घेताना त्या सर्टिफिकेटवर नोंदणी शुल्क माफ होतं आणि रस्ता करात सवलत मिळते. केंद्राने खासगी गाड्यांसाठी २५ टक्क्यांपर्यंत मर्यादा ठेवली आहे, प्रत्यक्ष किती ते राज्य ठरवतं.

दुरुस्त न होणारी गोष्ट

२०११ च्या आमच्या गाडीत एअरबॅग नव्हती, एबीएस नव्हतं. तेव्हा स्वस्त गाड्यांत ते सक्तीचं नव्हतंच. नियम नंतर आले:

- एबीएस: एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या कारना
- ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण, वेगाची सूचना, मागचे पार्किंग सेन्सर: जुलै २०१९ पासून
- समोरून आणि बाजूने धडकेच्या चाचणीचे नियम: ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना, ऑक्टोबर २०१९ पासून सगळ्यांना
- पुढच्या प्रवाशाची एअरबॅग: २०२१ मध्ये टप्प्याटप्प्याने, वर्षअखेरपर्यंत सगळ्या नव्या कारना

हे नंतर बसवता येतं का? व्यवहारात नाही. एअरबॅग म्हणजे नुसती पिशवी नव्हे. सेन्सर, कंट्रोल युनिट, स्टिअरिंग, डॅशबोर्ड आणि कुठे किती चेपायचं हे ठरवलेला सांगाडा, हे सगळं एकत्र तपासलेलं असतं. म्हणून सेकंडहँड घेणार असाल तर २०२२ किंवा त्यानंतर बनलेली गाडी ही सोपी रेघ ओढा. बजेट कमी असेल तर निदान २०२० च्या गाडीचं वरचं व्हेरिएंट बघा आणि दोन एअरबॅग व एबीएस आहे ना, हे स्वतः तपासा.

आमचं काय ठरलं?

मी रत्नागिरीला गेले आणि गाडी लिफ्टवर घ्यायला लावली. फ्लोअरचा गंज आम्हाला माहीत होता. पण काकांनी उजव्या लोअर आर्मच्या मागच्या बोल्टजवळ स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो पत्र्यात अर्धा इंच आत गेला. काका काही बोलले नाहीत, बॅटरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बघ तूच." मग म्हणाले, "वेल्डिंग करून देतो, पण घाटात जाऊ नका म्हणून सांगेन." गाडी मुळात घाटासाठीच हवी होती.

शीटमध्ये "पत्राकाम १५,०००" असं लिहिलं होतं. त्या एका ओळीत दोन वेगळ्या गोष्टी लपल्या होत्या, दाराखालचा गंज आणि सस्पेन्शनचा गंज. लिफ्टवर न घेता माझं शीट बघून निर्णय घेतला असता, तर मीच आई-बाबांना त्या गाडीत बसवून आंबा घाटात पाठवलं असतं.

मग दुसरा प्रश्न आला. गाडी साठ हजारांना घेणारा एक एजंट तयार होता, तो खाली वाकूनही बघणार नव्हता. मी गप्प राहिले, कारण शीटमध्ये साठ हजार धरलेले होते. बाबा म्हणाले, "अगं, आपण ज्या गाडीत बसायला घाबरतो ती दुसऱ्याला काय म्हणून द्यायची?" गाडी स्क्रॅपिंग केंद्रात गेली, २२,००० आले. ३८,००० कमी. व्याज धरून तो फटका वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडतो. म्हणजे पेट्रोल धरून आम्ही दुरुस्तीपेक्षा वर्षाला बेचाळीस हजार, महिन्याला साडेतीन हजार जास्त देतोय. त्यात दोन एअरबॅग, एबीएस आणि शाबूत सांगाडा मिळाला. मी दर तीन महिन्यांनी संध्याकाळी फोनकडे बघत बसायचे, ते कमी झालं.

गाडी द्यायला बाबा स्वतः गेले. येताना डॅशबोर्डवरचा छोटा गणपती काढून आणला, तो आता दुसऱ्या गाडीत आहे.

सेकंडहँड घेताना एवढं बघाच

- एमपरिवहन ॲपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून मालक कितवा, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधीपर्यंत, ई-चलन बाकी आहे का ते बघा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा.
- ओबीडी रीडर लावा. एकही कोड नाही, पण "रेडिनेस मॉनिटर" अपूर्ण दिसतात? मग कोड नुकतेच पुसले असू शकतात (बॅटरी काढली तरी असंच दिसतं). ५०-१०० किमी चालवून पुन्हा बघायची अट घाला.
- टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर वीस हजार दाखवतंय आणि २०१९ च्या गाडीला २०२३ चे टायर आहेत? विचारा.
- फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून ट्रान्स्फर पूर्ण होईपर्यंत पाठपुरावा करा. तुम्ही विकणारे असाल तर जास्तच, कारण आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. विकलेल्या गाडीचा अपघात झाला तर भरपाई तुमच्यावर येऊ शकते.
- जुन्या गाडीचा नो क्लेम बोनस सोडू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो, आणि स्वतःच्या नुकसानीच्या विम्यावर ५० टक्क्यांपर्यंत सूट देतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन पुढच्या गाडीला लावा.

थोडक्यात

- सांगाडा शाबूत, इंजिन ठीक, वापर कमी, बहुतेक गावातल्या गावात: दुरुस्त करा, कमीपणा मानू नका.
- वापर वर्षाला १२-१५ हजार किमीच्या पुढे: पेट्रोल धरून पुन्हा हिशोब करा, बहुधा चार-पाच वर्षं जुनी गाडी परवडेल.
- हायवे किंवा घाट नेहमीचा आणि गाडीत एअरबॅग-एबीएस नाही: पैशांचा फरक महिन्यावर आणा आणि घरातल्यांसमोर ठेवा.
- सस्पेन्शनच्या बोल्टजवळ गंज: शीट बंद करा. ती गाडी कोणालाच चालवायला देऊ नका.
- दोन वर्षांत गावी किंवा परदेशी जायचं असेल, किंवा इलेक्ट्रिक घ्यायचा विचार असेल: आत्ता फक्त भाग १ ची दुरुस्ती करून वेळ काढणं बहुतेक वेळा शहाणपणाचं ठरतं.

शीट बनवायला मला एक संध्याकाळ लागली आणि गाडी लिफ्टवर घ्यायला वीस मिनिटं. तुम्ही आधी ती वीस मिनिटं द्या, शीट नंतर उघडा.